जर्नलमधला क्लाउड आणि खरा क्लाउड

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात, म्हणजे तिथल्या बोलीत ‘२०१८ स्कीम’मध्ये, क्लाउड कम्प्युटिंग हा संगणक शाखेचा ऐच्छिक विषय होता. पुस्तक वाचायचे, आकृत्या काढायच्या, उत्तरे लिहायची. २०२२ च्या स्कीममध्ये हाच विषय सहाव्या सत्रात प्रात्यक्षिकांसकट आला. प्रयोगांच्या यादीत सुरुवातीलाच विद्यार्थ्याने गूगल क्लाउडवर ठरावीक प्रोसेसर आणि मेमरीची व्हर्च्युअल मशीन स्वतः उभी करायची आहे. तिथून साठवण, डेटाबेस, नेटवर्क असे करत तो, अनेक यंत्रांवरची कामे सांभाळणाऱ्या कुबरनेटीसपर्यंत जातो. २०२२ साली दाखल झालेली मुले २०२५ मध्ये या सत्रात पोचली.

हे विद्यापीठ बेळगावचे. ज्यांचे नाव त्याला दिले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि मुंबई इलाख्यात इंजिनिअर म्हणून नोकरीला लागले. कर्नाटकातील दोनशेच्या आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. त्यांतली काही बंगळुरूत, जिथे कॉलेजच्या फाटकासमोरच्या इमारतीत क्लाउड कंपनीचे ऑफिस असू शकते. काही बिदर, विजयपूर, रायचूरकडे. प्रयोगांची यादी मात्र सगळ्यांना एकच. बंगळुरूच्या मुलाला जे सहज हाताला लागते, ते बिदरच्या मुलीला त्याच सत्रात कसे मिळावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. लातूर, धुळे, रत्नागिरीचा प्रश्नही तोच आहे, आणि नैरोबीचा किंवा ढाक्याचाही.

आधी क्लाउड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. घरच्या लग्नाला पाचशे ताटे लागतात म्हणून कोणी पाचशे ताटे विकत घेऊन माळ्यावर ठेवत नाही. मंडपवाल्याकडून दोन दिवसांसाठी आणतो, मोजून घेतो, मोजून परत करतो. संगणकाची ताकद अशी भाड्याने मिळू लागली ती २००६ पासून. त्या वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनने एस-३ ही साठवणुकीची सेवा सुरू केली आणि ऑगस्टमध्ये ईसी-२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा चाचणीसाठी खुली केली. २०११ मध्ये अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने क्लाउडची पाच लक्षणे नोंदवली: मागितल्याबरोबर स्वतःच घेता येणे, नेटवर्कवरून कुठूनही पोचता येणे, साधने अनेकांत वाटली जाणे, गरजेप्रमाणे वाढवता-आखडता येणे आणि वापर मोजला जाणे. ही पाच लक्षणे परीक्षेत पाठ करून लिहिता येतात. पण गर्दी वाढली की सर्व्हर कसे वाढतात, ते बंद करायला विसरले की काय होते, आणि महिनाअखेर कोणता आकडा समोर येतो, हे मशीन चालवल्याशिवाय उमगत नाही. या विषयाचे सगळे मर्म प्रयोगात आहे. म्हणून तो सर्वांना शिकवायचा तर प्रयोग सर्वांपर्यंत न्यावा लागतो.

व्याख्यान दूरवर नेण्याचे काम भारताने फार आधी केले, आणि त्यात बंगळुरूचा वाटा मोठा आहे. २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ०१ या यानाने एज्युसॅट अवकाशात नेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला हा भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या प्रायोगिक टप्प्यासाठी बंगळुरूच्या इस्रोने इन्सॅट-३बी वापरला आणि तीन विद्यापीठे निवडली: कर्नाटकातले हेच विश्वेश्वरय्या विद्यापीठ, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि भोपाळचे राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठ. स्टुडिओत प्राध्यापक शिकवत आणि लांबच्या कॉलेजांतली मुले उपग्रहावरून ते ऐकत, प्रश्न विचारत. चांगला शिक्षक एका शहरात अडकून राहू नये ही त्यामागची तळमळ होती, आणि ती आजही तितकीच खरी आहे.

त्याच सुमारास, २००३ मध्ये, सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम सुरू केला. २०१४ पासून त्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळू लागले, २०१७ मध्ये ‘स्वयम’ हे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २०१६ मध्ये २० टक्के आणि मग २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा दिली. खरगपूर आयआयटीचे प्राध्यापक सौम्यकांती घोष यांचा क्लाउड कम्प्युटिंगचा अभ्यासक्रम देशभरची मुले घरबसल्या पाहतात. पाहायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते.

म्हणजे व्याख्यान पोचले. अडले ते पुढे. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षाला क्लाउड कम्प्युटिंग ऐच्छिक ठेवले होते आणि त्याच्या प्रात्यक्षिकांत ॲमेझॉन ईसी-२ आले ते ‘केस स्टडी’ म्हणून. केस स्टडी म्हणजे वाचून लिहायचे. मुले माहिती गोळा करतात, जर्नलमध्ये उतरवतात, सही घेतात, ओरलला दोन प्रश्नांची उत्तरे देतात. यात अभ्यासक्रम करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. शेकडो कॉलेजांतल्या प्रत्येक मुलाकडून खरे सर्व्हर चालवून घ्यायचे तर वाटेत अडचणी कोणत्या, हे ज्याने लॅब चालवली आहे त्यालाच ठाऊक.

पहिली अडचण कार्डाची. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे नेहमीचे खाते उघडताना बहुधा क्रेडिट किंवा डेबिट कार्ड जोडावे लागते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे क्रेडिट कार्ड नसते. डेबिट कार्ड असते, पण रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनसाठी चालू असते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने वेगळे सुरू करून घ्यायचे. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम अगदी योग्य आहे. पण गावाकडच्या बापाने, मुलीला एक प्रयोग करायचा आहे म्हणून, आपले कार्ड परदेशी व्यवहारांसाठी खुले करावे, ही अपेक्षा कोणत्याही विद्यापीठाने धरू नये.

दुसरी अडचण बिलाची. ॲमेझॉनच्या जुन्या मोफत योजनेत पहिले वर्षभर महिन्याला ७५० तास लहान सर्व्हर फुकट मिळे. एकतीस दिवसांच्या महिन्यात ७४४ तास असतात. म्हणजे एकच सर्व्हर महिनाभर चालू राहिला तर काही बिघडत नाही; पण मुलाने सरावासाठी दोन उभे केले आणि परीक्षेच्या गडबडीत बंद करायला विसरला, तर निम्मा महिना उलटताच मीटर पळू लागते. जुलै २०२५ पासून नव्या खात्यांसाठी ही योजनाच बदलली आणि तासांच्या जागी ठरावीक रकमेचे क्रेडिट आले. ज्या प्रयोगपुस्तिकांत ‘७५० तास मोफत’ असे छापले होते, त्या एका दिवसात जुन्या झाल्या. तिसरी अडचण वरवर क्षुल्लक वाटते: विद्यार्थ्यांसाठीच्या सवलती बहुधा कॉलेजच्या ईमेलवर मिळतात आणि अनेक लहान कॉलेजे मुलांना स्वतःच्या नावाचा ईमेल देतच नाहीत.

इथे मला ज्यांच्याविषयी सविस्तर लिहायचे आहे ते राजकुमार बुय्या येतात. बुय्या यांनी १९९२ मध्ये मैसूर विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९९५ मध्ये बंगळूर विद्यापीठातून एम.ई. केले. के. आर. वेणुगोपाल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेले ‘मास्टरिंग सी प्लस प्लस’ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंजिनिअरिंगला असलेल्या कित्येकांच्या टेबलावर होते. पुढे मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून त्यांनी २००२ मध्ये पीएच.डी. केली आणि ते मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाले. वर सांगितलेल्या २०१८ च्या स्कीममध्ये क्लाउडसाठी जे पाठ्यपुस्तक नेमले होते, ते ‘मास्टरिंग क्लाउड कम्प्युटिंग’ही त्यांचेच, दोन सहलेखकांसह लिहिलेले. पण जगभरच्या वर्गांना त्यांनी दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे क्लाउडसिम.

क्लाउडसिम हे जावामध्ये लिहिलेले, मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर आहे. मेलबर्नच्या त्यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले; त्याचा सविस्तर शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ते अख्ख्या डेटा सेंटरची नक्कल एका लॅपटॉपवर करते. डेटा सेंटर, त्यातली होस्ट यंत्रे, त्यांवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीन आणि त्यांना दिलेली कामे हे सगळे प्रोग्राममधले घटक. कामाला तिथे ‘क्लाउडलेट’ म्हणतात. कार्ड लागत नाही, बिल येत नाही, एकदा उतरवून घेतले की इंटरनेटही लागत नाही.

त्याच्याबरोबर मिळणारे पहिले उदाहरण पाहा. एक होस्ट, एक व्हर्च्युअल मशीन, एक क्लाउडलेट. कामाची लांबी ४,००,००० दशलक्ष सूचना, मशीनचा वेग सेकंदाला १,००० दशलक्ष सूचना. प्रोग्राम चालवला की काम ४०० सेकंदांत संपल्याचे पडद्यावर येते. ते दिसायला लॅपटॉपला क्षणभरच लागतो, कारण आतले घड्याळसुद्धा नकली आहे. ते एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारते.

आता मुलांना त्याच मशीनवर तेवढ्याच लांबीचे दुसरे क्लाउडलेट द्यायला सांगा. मशीनने दोन्ही कामे थोडी थोडी आळीपाळीने केली तर दोन्ही ८०० व्या सेकंदाला संपतात. एक पुरे करून मग दुसरे हातात घेतले तर पहिले ४०० ला संपते आणि दुसरे ८०० ला. एकूण काम तेवढेच, यंत्र तेच, शेवटचा आकडाही तोच. पण सरासरी ८०० वरून ६०० वर आली. मग वर्गात प्रश्न टाकायचा: पहिली पद्धत वाईट, तर जग ती का वापरते? मुले भांडतात, आकडे बदलून पाहतात, एक काम खूप लांब आणि दहा कामे छोटी देतात. छोट्या कामांना लांब कामामागे ताटकळत राहावे लागते हे त्यांना स्वतःच सापडते. एका ओळीत बदल करायचा आणि पुन्हा चालवायचे, एवढाच त्याचा खर्च. क्लाउडचा गाभा, म्हणजे मर्यादित यंत्रे अनेकांत कशी वाटायची, तो अशा तासाभरात जितका समजतो तितका कोणत्याही आकृतीने समजत नाही.

क्लाउडसिमवर आधारलेले क्लाउडॲनालिस्ट आणखी सोपे आहे. त्यात जगाचा नकाशा समोर येतो. कोणत्या खंडात किती वापरकर्ते, डेटा सेंटर कुठे, हे भरायचे आणि उत्तर यायला किती उशीर होतो ते पाहायचे. ज्याला जावा फारसे जमत नाही त्यालाही ते चालवता येते. बंगळुरूत शिकलेल्या माणसाने मेलबर्नमध्ये उभ्या केलेल्या कामामुळे जगभरच्या गरीब कॉलेजांतही क्लाउडची लॅब होऊ शकली, याचे मोल मला फार वाटते. पैसे आल्यावर लॅब करू, असे म्हणणाऱ्या कोणत्याही संस्थेकडे आता ती सबब राहिलेली नाही.

तरीही नक्कल ती नक्कल. क्लाउडसिममध्ये फायरवॉलचा दरवाजा चुकून बंद राहत नाही, पासवर्ड चुकून जगजाहीर होत नाही, शेजारच्या ग्राहकाच्या गर्दीने आपला सर्व्हर मंदावत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात नेमके हेच समोर येते. म्हणून नकलीनंतर खरे यंत्र हवेच, आणि ते कार्डाशिवाय मिळण्याच्या वाटा आज आहेत. ‘एडब्ल्यूएस ॲकॅडमी’त कॉलेज सदस्य झाले की शिक्षकाच्या हाती वर्गापुरती बंदिस्त लॅब येते, ठरावीक रक्कम संपली की ती थांबते, घरी बिल जात नाही. मायक्रोसॉफ्टची विद्यार्थी योजना कार्ड न मागता शंभर डॉलरचे क्रेडिट देते. यंत्रेही आता लांब नाहीत. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत, ॲमेझॉनचे २०१६ पासून मुंबईत. विद्यार्थी उत्तराची वाट पाहत बसेल एवढे अंतर उरलेले नाही.

या योजना घ्याव्यात, पण फक्त त्यांच्यावर विसंबू नये असे माझे ठाम मत आहे. एकाच कंपनीच्या पडद्यावर तयार झालेला विद्यार्थी त्या कंपनीची बटणे शिकतो. त्याच्या जोडीला मुक्त साधने असली पाहिजेत. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेले ओपनस्टॅक लॅबमधल्या चार-सहा बऱ्या यंत्रांवर बसवले की कॉलेजचा स्वतःचा छोटा क्लाउड होतो. मिनिक्यूब किंवा के-३-एस यांसारख्या हलक्या आवृत्त्यांमुळे कुबरनेटीस साध्या संगणकावर चालते. अशा जोडलेल्या संगणकांतला एक मुद्दाम बंद करायचा आणि त्याच्यावरचे काम दुसऱ्यावर कसे उभे राहते ते पाहायचे, हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी केलेला असावा.

अमेरिकेने २०१४ मध्ये सार्वजनिक पैशातून क्लाउडलॅब आणि कमेलियन ही दोन मोठी प्रयोगकेंद्रे जाहीर केली. त्यांचा उपयोग संशोधनाबरोबर वर्गांतही होतो. आपल्याकडे २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळे मंजूर झाले, वेगवान तारा संस्थांपर्यंत गेल्या. राष्ट्रीय महासंगणक मोहिमेतून २०२२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा परम प्रवेग उभा राहिला. ती संशोधकांची गरज होती आणि ती भागली, हे चांगलेच झाले. पदवीच्या प्रात्यक्षिकांनाही सार्वजनिक यंत्रांत असाच हक्काचा वाटा मिळायला हवा. संलग्न महाविद्यालयातल्या मुलीने कंपनीच्या सवलतीवर कायम का अवलंबून राहावे?

आता अभ्यासक्रम अद्ययावत ठेवण्याच्या अवघड भागाकडे वळू. कुबरनेटीसच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात आणि प्रत्येक आवृत्तीला साधारण चौदा महिने आधार मिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये १.२५ आली, डिसेंबर २०२४ मध्ये १.३२. म्हणजे २०२२ ला प्रवेश घेतलेला मुलगा सहाव्या सत्रात येईपर्यंत, प्रवेशाच्या वेळची आवृत्ती कधीच निवृत्त झालेली होती. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मात्र चार-पाच वर्षांनी बदलतो, आणि तो रोज बदलूही नये. परीक्षा, पुस्तके, शिक्षक यांना काही स्थैर्य लागते. तोडगा दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात आहे. यंत्राचे आभासी तुकडे कसे करतात, माहितीच्या प्रती ठेवल्या तर त्या एकसारख्या कशा राहतात, यंत्र पडणारच हे धरून रचना कशी करावी, खर्च कसा मोजावा, हे वीस वर्षांत फारसे बदललेले नाही. ते अभ्यासक्रमात पक्के असावे. आज्ञा, पडदे, आवृत्त्या या प्रयोगपुस्तिकेत असाव्यात आणि ती पुस्तिका दरवर्षी जूनमध्ये बदलण्याचा अधिकार शिक्षकांच्या मंडळाला असावा.

त्यासाठी शिक्षकाला वेळ आणि खाते लागते. आठवड्याची कार्यशाळा होते, प्रमाणपत्र मिळते आणि कार्यशाळेचे खाते बंद होते. सत्र सुरू होते तेव्हा शिक्षकाच्या हाती काही उरत नाही. बंगळुरूच्या इन्फोसिसने २००४ मध्ये ‘कॅम्पस कनेक्ट’ सुरू करून कॉलेजांच्या शिक्षकांना उद्योगाशी जोडण्याचा मोठा प्रयत्न केला. त्यातून घ्यायचा तो धडा असा, की आधी शिक्षक तयार झाला तर पुढच्या दहा तुकड्या तयार होतात.

अडचण भाषेचीही असते, आणि तिच्यावर काम सुरू झाले आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतही ऐकता येतात, आणि पिंपरी-चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात २०२१ पासून संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकता येते. लिनक्सची आज्ञा इंग्रजीतच राहील, पण ती काय करते हे मराठीतून समजावले की मूल धीटपणे टाइप करू लागते.

बंगळुरूत मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या ऑफिसांत हजारो मराठी इंजिनिअर रोज हेच काम करतात. त्यांतले बरेच सांगली, सोलापूर, नांदेड, बेळगावच्या कॉलेजांतून आलेले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. आपल्या जुन्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना पत्र लिहा. पाहुणे म्हणून तासभर भाषण देऊ नका. एका सत्राची प्रयोगपुस्तिका शिक्षकांबरोबर बसून नव्याने लिहा, तिच्यातला प्रत्येक प्रयोग कार्डाशिवाय होतो याची स्वतः खात्री करून घ्या, आणि पुढच्या जूनमध्ये ती तपासायला पुन्हा बसा. आणि विद्यार्थी असाल, तर कॉलेजची वाट पाहू नका. क्लाउडसिम आजच उतरवून घ्या, पहिले उदाहरण चालवा, मग त्यात दुसरे काम घाला.